इंजिन गेलं म्हणजे गाडी गेली का?

मिक्सर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, हे आपण ठरवतो. शिलाई मशीन, पाण्याची मोटर, अगदी फ्रिजसुद्धा. चार ठिकाणी विचारतो, घासाघीस करतो, मगच पैसे सोडतो. पण गाडीचं इंजिन कुरकुरायला लागलं की निर्णय परस्पर गॅरेजात होतो आणि संध्याकाळी आपल्याला फक्त आकडा कळतो. ‘पंचेचाळीस हजार लागतील म्हणे.’ नाहीतर दुसरं टोक, ‘आता काढूनच टाकू, नवी बुक करू.’ आणि हे पैसे येतात कुठून? भिशीतून, बचत गटाच्या कर्जातून, नाहीतर बांगड्या गहाण ठेवून. म्हणजे पैशाच्या वेळी आपण, आणि निर्णयाच्या वेळी ‘तुला त्यातलं काय कळतं?’

मैत्रिणींनो, त्यातलं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. तालुक्याच्या गावात गाडी ही चैन राहिलेली नाही. सासऱ्यांना डायलिसिसला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं असतं, अडल्या रात्री कुणाचं बाळंतपण असतं, कुणाचा मसाल्यांचा नाहीतर केकचा माल पोचवायचा असतो. ती गाडी बंद पडली की घराचं अर्धं चाक निखळतं. म्हणूनच हा निर्णय घाईत किंवा भीतीपोटी होता कामा नये.

पहिली गोष्ट, इंजिन ‘गेलं’ म्हणजे नेमकं काय झालं? धुराचा रंग बघा. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर सतत येत असेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय. (थंडीत सकाळी दोन मिनिटं वाफ निघते, ती वेगळी. तिला घाबरू नका.) काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. त्याचं कारण बऱ्याचदा एअर फिल्टर किंवा इंजेक्टर असतं, त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. गाडी तापत असेल तर आधी रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप तपासायला सांगा. मात्र ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा फेस दिसला, किंवा आतून ठकठक आवाज येऊ लागला, तर गाडी अजिबात चालवू नका. तशीच दामटली तर हजारांचं काम लाखाकडे जातं.

आमच्या घरचंच उदाहरण सांगते. आमची छोटी पेट्रोल गाडी २०१४ सालची. मागच्या दिवाळीनंतर ती सकाळी चालू केली की भपकन निळा धूर सोडायची. ऑइलही सारखं घालावं लागत होतं. गावातल्या मेस्त्रींनी धूर बघितला आणि म्हणाले, ‘वहिनी, रिंगा गेल्यात. पूर्ण इंजिन खोलावं लागेल.’ खर्च पंचेचाळीस हजार. मी म्हटलं, आधी कॉम्प्रेशन टेस्ट करू या. ती त्यांच्याकडे होत नव्हती, म्हणून जिल्ह्याच्या गावी नेली. तासाभराचं काम, खर्च काही शे रुपये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला मीटर लावतात आणि आत दाब किती तयार होतो ते मोजतात. दाब कमी भरला तर चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजतात. ऑइलनं दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. आमच्या तिन्ही सिलिंडरचा दाब सारखा आणि चांगला भरला. म्हणजे रिंगा ठणठणीत! व्हॉल्व्हची ऑइल सीलं कडक झाली होती. सहा हजारांत काम झालं. गावातले मेस्त्री लबाड होते असं मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी अंदाज बांधला. पण पंचेचाळीस हजार अंदाजावर खर्च करायचे नसतात.

आता समजा, टेस्टमध्ये खरोखरच इंजिन थकलेलं निघालं. मग काय? घराघरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘एवढी किंमत तरी आहे का त्या गाडीची?’ दुसरं, ‘आत्तापर्यंत एवढे घातलेत, आता कशी सोडायची?’ मला विचाराल तर दोन्ही वाक्यं बाजूला ठेवा. आधी घातलेले पैसे गेले, ते परत येणार नाहीत. आणि गाडी विकून काय येईल, हा प्रश्न अर्धाच आहे. तिच्या जागी तशीच चालणारी गाडी आणायला किती लागतील, हा खरा प्रश्न.

वही घ्या आणि मांडा. इंजिनच्या कामाला ४५ हजार लागले आणि गाडी पुढे तीन वर्षं चालली, तर महिन्याला साडेबाराशे रुपये पडले. नवी छोटी गाडी घेताना हातचे पैसे भरून वर तीन लाखांचं कर्ज काढलं, तर साडेनऊ टक्के व्याजानं पाच वर्षं महिन्याला ६,३०० रुपयांच्या आसपास हप्ता बसतो. एकूण पावणेचार लाखांवर फेड, विमा वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरं. पण हप्ता दरमहा भरायचाच असतो, आणि सोयाबीनचा भाव पडला म्हणून बँक थांबत नाही.

तिसरी वाट म्हणजे जुन्या बाजारातलं दुसऱ्या गाडीचं इंजिन. स्वस्त पडतं, पण इथे जास्त सावध राहा. इंजिनवर नंबर असतो आणि तो आरसी बुकात नोंदलेला असतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी घ्यावी लागते आणि नवा नंबर नोंदवून घ्यावा लागतो. ते इंजिन कुठल्या गाडीचं, याचे कागद आणि पक्कं बिल नसेल तर हात लावू नका. उद्या ते चोरीच्या गाडीचं निघालं, किंवा विम्याच्या वेळी नंबर जुळला नाही, तर निस्तरायचं आपल्यालाच.

दुरुस्ती ठरली तर अंदाजपत्रक लेखी घ्या. कोणते सुटे भाग, कोणत्या कंपनीचे, मजुरी किती, लेथवरचं काम किती, वॉरंटी किती महिन्यांची, सगळं लिहून घ्या. काढलेले जुने भाग परत मागा. इंजिन खोललंच आहे तर रबराचे पाइप, सीलंही बघायला सांगा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत.

पण जुन्या गाडीचा मोह सोडावा, अशीही वेळ येते. कोकणातल्या खाऱ्या हवेनं खालचा पत्रा आणि चासी गंजली असेल, तर नव्या इंजिनचा उपयोग काय? पाया खचलेल्या घराला रंग देण्यातलाच तो प्रकार. गिअरबॉक्स, क्लच, सस्पेन्शनही पाठोपाठ रांगेत असतील, तर सगळ्यांची बेरीज करून मगच ठरवा. आणि एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. एबीएस आणि चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीची झाली. इंजिन कितीही छान बांधलं तरी जुन्या गाडीत एअरबॅग येत नाही. रोज हायवेनं जाणं-येणं असेल तर हा मुद्दा मी सगळ्यात वर धरीन.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते’ असंही ऐकवतात. ती बंदी दिल्ली परिसरातली. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्याची फी मात्र २०२२ पासून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय पर्यावरण कर. हे आकडेही वहीत धरा. आणि भंगारात द्यायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी तुटली तरी कागदावर ती तुमच्याच नावावर उभी राहते.

माझं मत विचाराल तर असं: पत्रा आणि बाकीची गाडी धडधाकट असेल, दोष टेस्ट करून पक्का कळला असेल आणि खर्च दोन-तीन वर्षांत वसूल होणार असेल, तर खुशाल दुरुस्त करा. शेजाऱ्यांनी नवी घेतली म्हणून हप्ता डोक्यावर घेऊ नका. यातलं एकही नसेल, तर गाडीत जीव अडकवू नका.

पण काहीही ठरो, त्या दिवशी गॅरेजच्या बाकड्यावर तुम्हीही बसलेल्या असा. मेस्त्रींना विचारा, ‘दादा, टेस्ट केली का? आकडा दाखवा.’ चार माणसं वळून बघतील, बघू देत की! ज्या बांगड्या गहाण पडणार आहेत, त्या कुणाच्या हातातल्या आहेत?