अहवालात दिसत नाही, म्हणून काम झालंच नाही?

‘टूल खोटं बोलत नाही, सर.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की उलट विचारतो, बाबा रे, टूलला तू विचारलं काय होतंस?

वाचकांना प्रश्न पडेल की सकाळी उर्दू आणि दुपारी मराठी शिकवणाऱ्या मास्तराचा या भानगडीशी काय संबंध. संबंध दोन बाजूंनी आहे. माझे बरेच माजी विद्यार्थी आज पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांमध्ये टेस्टर, डेव्हलपर म्हणून राबतात आणि ईदला भेटायला आले की त्यांच्या गप्पांत ‘स्प्रिंट’ नावाचं प्रकरण असतंच. दुसरं म्हणजे डिजिटल धडे बनवणाऱ्या एका कंपनीसाठी मी दोन वर्षं संध्याकाळी उर्दू-मराठी मजकुराचं काम केलं. तिथे सगळा कारभार ‘जिरा’वर चालायचा. हे नाव फोडणीतल्या जिऱ्यावरून आलेलं नाही, गोजिरा या जपानी राक्षसावरून, म्हणजे आपल्या गॉडझिलावरून आलं आहे. पण काम त्यात कसं जिरतं हे पाहिल्यावर मला मराठी अर्थच जास्त पटला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठं काम एकदम न उचलता दोन-तीन आठवड्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ठरावीक काम घ्यायचं आणि शेवटी काय झालं ते बघायचं. तुकडा म्हणजे स्प्रिंट. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, म्हणजे टिकट. टिकट एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सरकत जातं आणि त्यावरून आलेख तयार होतो. २००१ साली अमेरिकेतल्या यूटामध्ये सतरा जणांनी मिळून ‘अजाइल’चा जाहीरनामा लिहिला, त्यात साधनांपेक्षा माणसांना आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्याला वरचं स्थान दिलं होतं. आज त्याच अजाइलच्या नावाने बैठकीत सगळे जण आलेखाकडे बघतात आणि ज्याच्याबद्दल तो आलेख आहे त्या माणसाकडे कुणी मान वळवत नाही.

आमच्याकडे सलग तीन स्प्रिंटमध्ये उर्दू गटापुढे शून्य आलं. धडे लिहिले गेले होते, तपासले गेले होते, आवाजही दिला गेला होता. फाइली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण अहवालात शून्य! पुढे जे व्हायचं तेच झालं. बैठकीत ‘उर्दू टीम स्लो आहे’ असं ठरलं आणि तासावर काम करणाऱ्या दोन मुद्रितशोधक मुलींचे पैसे अडवले गेले. त्यातल्या एकीची त्या महिन्याची डी.एड.ची फी त्याच पैशांतून जायची होती. शून्य नेमकं आलं कुठून, हे कुणी विचारलं नाही. चुकार कोण, एवढंच विचारलं गेलं.

शोधायला बसलो तेव्हा पहिलं कारण सापडलं फिल्टरमध्ये. जिराचा बोर्ड म्हणजे सगळ्या कामाचा खजिना नव्हे. तो एका साठवलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. अमुक प्रकल्प, अमुक लेबल, अमुक प्रकार एवढंच दाखव, असा तो प्रश्न असतो. त्यात जे बसत नाही ते बोर्डावर येत नाही आणि त्या बोर्डाच्या स्प्रिंट अहवालातही येत नाही. आमच्या बोर्डाच्या फिल्टरमध्ये भाषांची यादी होती, मराठी आणि इंग्रजी. उर्दूचं काम नंतर सुरू झालं आणि यादी तशीच राहिली. कुणाच्या मनात खोट होती असं मी म्हणत नाही. यादी करताना आम्ही कुणाच्या ध्यानात नव्हतो, एवढंच. नुकसान मात्र दोन्हींत सारखंच होतं.

फिल्टर दुरुस्त झालं आणि निम्मीच टिकटं दिसू लागली. उरलेल्यांचा घोळ रकान्यांचा होता. टिकटाची जी स्थिती बोर्डाच्या सगळ्यात उजव्या रकान्याला जोडलेली असते, तीच अहवालाच्या लेखी ‘पूर्ण’. आता गंमत बघा, उर्दू लिहिणाऱ्यासाठी उजवीकडून सुरुवात होते आणि इथे उजवीकडे शेवट! उर्दू मजकुरासाठी आम्हाला एक जादा पायरी लागायची, मांडणी तपासण्याची. नस्तालिक अक्षर पडद्यावर नीट उतरलं का, ओळीत मध्येच आलेले आकडे आणि कंस उलटे तर पडले नाहीत, हे सगळं पाहावं लागतं. ही स्थिती कुणीतरी तयार करून दिली, पण कोणत्याच रकान्याला जोडली नाही. न जोडलेल्या स्थितीत गेलेलं टिकट बोर्डावरून नाहीसं होतं. म्हणजे धडा जितका पूर्णत्वाच्या जवळ जाई, तितका तो दिसेनासा होई!

तिसरा घोळ अंदाजाच्या गुणांचा, ज्यांना स्टोरी पॉइंट म्हणतात. आम्ही एका धड्याच्या टिकटाखाली लेखन, तपासणी, आवाज अशी पोट-टिकटं केली होती आणि गुण त्या पोट-टिकटांना दिले होते. स्प्रिंटचा अहवाल मुख्य टिकटाचे गुण मोजतो, पोटातले नाही. मुख्य टिकट रिकामं, म्हणून धडा पूर्ण होऊनही त्याची किंमत शून्य. गुण स्प्रिंट सुरू झाल्यावर भरले, तर ते सुरुवातीच्या ‘कबूल केलेल्या’ कामात धरले जात नाहीत. आणि आधीच संपलेलं काम मागाहून स्प्रिंटमध्ये घातलं तर ते ‘स्प्रिंटबाहेर पूर्ण झालेलं’ म्हणून वेगळ्या यादीत जाऊन पडतं. ती यादी वाचण्याइतकं खाली कुणी सरकवत नाही.

परवानगीची गोष्ट तर अनेकांना माहीतच नसते. ज्याला एखादं टिकट बघण्याचा अधिकार नाही, त्याला तोच अहवाल उघडल्यावर ते टिकट दिसत नाही. एकाच अहवालासमोर बसलेली दोन माणसं वेगवेगळं बघत असू शकतात आणि दोघेही शपथेवर खरं बोलत असतात.

हे शोधायला अभियंता लागत नाही. हरवलेल्या टिकटांपैकी एकच घ्यायचं, त्याच्या क्रमांकावरून उघडायचं आणि त्याचा इतिहास वाचायचा. कुणी, कधी, कोणत्या स्थितीतून कुठे हलवलं ते तारीखवार लिहिलेलं असतं. मग बोर्ड बाजूला ठेवून थेट शोधात ‘या स्प्रिंटमधली सगळी टिकटं’ असं विचारायचं आणि तो आकडा बोर्डाच्या आकड्याशी ताडून बघायचा. फरक निघाला तर दोष फिल्टरचा किंवा रकान्यांचा. अर्ध्या तासाचं काम आहे. तीन स्प्रिंट, म्हणजे सहा आठवडे, आमच्या मुलींना ‘स्लो’ म्हणायला वेळ होता आणि हा अर्धा तास कुणाकडे नव्हता.

माझं भांडण इथे आहे. आकडा आणि माणूस यांत विसंगती दिसली की संशय आधी माणसावर का? शाळेत आम्ही हेच भोगतो. मूल वर्गात माझ्यासमोर बसलेलं असतं, धडा वाचून दाखवतं, पण आधारवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक आहे म्हणून ते संचमान्यतेत धरलं जात नाही. आमच्याकडे तर मोहम्मद, मोहंमद, मो. अशी एकाच नावाची तीन रूपं तीन कागदांवर सापडतात. मूल मोजलं गेलं नाही की शिक्षकाचं पद जातं. आणि मग तेच मूल शिक्षकाविना बसतं. आयटीवाले हसतात की सरकारी पोर्टल असंच असायचं. तुमच्या चकचकीत बोर्डावर काय वेगळं चाललं आहे?

‘टीमने टिकटं नीट भरायला नकोत का?’ असं एक व्यवस्थापक मला म्हणाले. भरायलाच हवीत. आळस करणारे असतात, शेवटच्या संध्याकाळी सगळी टिकटं एकदम उजवीकडे ढकलणारे तर मी डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना जरूर विचारा. पण आमच्या मुलींनी टिकटं रोज भरली होती. बोर्डाचं फिल्टर आणि रकाने बदलण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हताच. तो ज्याच्याकडे होता त्याला बैठकीत एक प्रश्न विचारला गेला नाही.

त्यात भर म्हणजे या गुणांवरून एका गटाची दुसऱ्याशी तुलना. स्टोरी पॉइंटचा शोध बहुधा आपणच लावला असं सांगणाऱ्या, जाहीरनाम्यावर सही असलेल्या रॉन जेफ्रीज यांनीच त्याच्या गैरवापराबद्दल खेद व्यक्त केला आहे. गटाने आपला अंदाज आपल्यापुरता बांधावा म्हणून हे गुण आहेत. माझ्या गटाचा पाच आणि तुमच्या गटाचा पाच ही एकच वस्तू नव्हे. तरी त्यावर पगारवाढ ठरते, कंत्राटं तुटतात.

आमचं फिल्टर बदललं, रकाना जोडला, गुण वर मुख्य टिकटावर आणले आणि उर्दूचे धडे आलेखात उभे राहिले. मुलींचे पैसे पुढच्या महिन्यात मिळाले, ‘उशीर झाल्याबद्दल क्षमस्व’ असा एक शब्दही न लिहिता. बैठकीच्या टिपणातलं ‘उर्दू टीम स्लो’ हे वाक्य मात्र कुणी खोडलं नाही. ते खोडून मिळावं असा मेल मी केला होता. उत्तर आलं की जुनी टिपणं बदलण्याची पद्धत नाही. मी परत लिहिलं की बदलू नका, त्याच्याखाली फिल्टर चुकलं होतं एवढी एक ओळ घाला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.