शितावरून भाताची परीक्षा

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची फेररचना जाहीर केली आणि त्याच वेळी निर्मितीत असलेले सहा व्हिडिओ गेम रद्द करून टाकले. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्तीही त्यांत होती. जगभरच्या चाहत्यांच्या दृष्टीने ही एका लांबलेल्या प्रतीक्षेची निराशाजनक अखेर होती. पुणे आणि मुंबईच्या दृष्टीने मात्र या बातमीला आणखी एक पदर आहे. या खेळाची धुरा प्रथम याच दोन शहरांतील युबिसॉफ्टच्या स्टुडिओंकडे होती आणि त्याचे फासे उलटे पडू लागले ते अवघ्या काही मिनिटांच्या एका जाहिरात-चित्रफितीपासून.

मूळ खेळ २००३ सालचा, कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने घडवलेला. जॉर्डन मेकनर यांच्या १९८९ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ला त्याने नवे रूप दिले. भिंतीवरून धावणारा राजपुत्र आणि हातून चूक झालीच तर काळ मागे फिरवणारा त्याचा खंजीर, यांनी एका पिढीला वेड लावले. सायबर कॅफेत किंवा घरच्या संगणकापुढे रात्री जागवणारी ती पिढी २०२० पर्यंत नोकरी-संसाराला लागली होती. १० सप्टेंबर २०२० रोजी नव्या आवृत्तीची झलक प्रदर्शित झाली, तेव्हा ती पाहायला बसला तो हा चाहता. त्याला नवा खेळ हवा होता, त्याहून अधिक हवे होते ते आपले जुने दिवस.

पडद्यावर जे दिसले त्याने त्याचा हिरमोड झाला. पात्रांचे चेहरे निर्जीव, प्रकाशयोजना सपाट आणि एकंदर चित्रण दहा वर्षे मागे पडलेले, असा सूर सर्वत्र उमटला. खेळ भारतात तयार होत असल्याकडे बोट दाखवणारे हिणकस शेरेही त्यात मिसळले. दृश्यांचे हे रूप जाणीवपूर्वक निवडले आहे, असे स्पष्टीकरण निर्मात्यांनी दिले. ते फारसे कोणाला पटले नाही. २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीख आधी १८ मार्चवर आणि फेब्रुवारीत अनिश्चित काळासाठी पुढे गेली. त्या वेळच्या निवेदनात कंपनीने चाहत्यांच्या प्रतिक्रियांचा आवर्जून उल्लेख केला होता. मे २०२२ मध्ये हे काम पुणे-मुंबईकडून काढून माँट्रियलकडे देण्यात आले. जून २०२४ मध्ये पुन्हा झलक आली ती जळत्या मेणबत्तीपलीकडे फारसे काही न दाखवणारी. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिण्याचाच हा प्रकार होता. तीत दिलेले प्रकाशनाचे वर्ष होते २०२६. ते उजाडले आणि पहिल्याच महिन्यात खेळ मोडीत निघाला.

या साऱ्याचे खापर चाहत्यांवर फोडणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. प्रत्येक झलक ही निर्मात्याने स्वतः निवडलेली साक्ष असते. ग्राहकाने पैसे मोजावेत म्हणूनच ती मांडलेली असते. मग तिच्यावर मत देण्याचा त्याचा अधिकार नाकारता येणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण येथे शीत निवडतो तो आचारीच. ते कच्चे निघाले, तर चाखणाऱ्याची जीभ सदोष ठरत नाही.

तरीही चाहत्याच्या या निवाड्याची मर्यादा ओळखायला हवी. तो निवाडा झलकेचा असतो, खेळाचा नव्हे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हे त्याचे नेमके उलट उदाहरण. ऑगस्ट २०१८ मध्ये तिने ४८ मिनिटांचे खेळ-चित्रण प्रसिद्ध केले. चाहते भारावून गेले. प्रकाशनापूर्वीच ८० लाख प्रतींची नोंदणी झाली. १० डिसेंबर २०२० रोजी खेळ हाती आला तेव्हा जुन्या कन्सोलवर तो धड चालतही नव्हता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. म्हणजे ज्या झलकेला नाके मुरडली गेली तिचा खेळ बाजारात आलाच नाही आणि जिची आरती ओवाळली गेली तिचा खेळ विक्रीतून मागे घ्यावा लागला. पुढे दुरुस्त्या होऊन ‘सायबरपंक’ सावरला, ही गोष्ट वेगळी. कौतुक आणि टीका दोन्ही चित्रफितीपुरतीच होती, हे दोन्हीकडे सारखेच.

फसगत झाली तर दाद मागण्याची सोय अगदीच नाही असे नाही. ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’च्या झलका प्रत्यक्ष खेळाशी जुळत नसल्याची तक्रार २०१३ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेकडे गेली, तेव्हा त्यांवर तसा खुलासा जोडण्याचे सेगा कंपनीला मान्य करावे लागले. मात्र असा खुलासा येईपर्यंत खरेदी होऊन गेलेली असते.

झलक केव्हा आणि कोणत्या अवस्थेत दाखवायची, हे सहसा विक्रीचे वेळापत्रक ठरवते; तिची किंमत मात्र खेळ घडवणाऱ्या कारागिरांना मोजावी लागते. दुसऱ्यांच्या खेळांना हातभार लावण्यात वर्षे घालवलेल्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना एवढ्या नामांकित खेळाचे नेतृत्व मिळणे ही मोठी संधी होती. ती गेली आणि तिच्याबरोबर त्यांचे काम पूर्ण रूपात पाहण्याची शक्यताही गेली. ते अखेरीस कसे उतरले असते, याचा निकाल आता कधीच लागणार नाही.

चाहत्याच्या हाती दोन अस्त्रे असतात, आवाज आणि पैसा. पहिले तो झलक दिसताच उपसतो. दुसरेही अनेकदा त्याच उत्साहात, खेळ तयार होण्यापूर्वीच देऊन मोकळा होतो. या बाबतीत घाई त्याच्या हिताची नाही. झलक पाहून बोलावे, हवे तितके बोलावे. पैसे मात्र खेळ बाजारात येऊन त्याची पारख झाल्यावरच द्यावेत. ही सवय रुजली तर कंपन्यांनाही अर्धेकच्चे काम मांडण्याची घाई उरणार नाही आणि घडवणाऱ्यांना पुरेसा वेळ मिळेल. काळ मागे फिरवणारा खंजीर खेळातल्या राजपुत्राकडेच असतो. पुणे-मुंबईच्या त्या चमूला तो लाभला नाही.