'बरी झालीस का?' हा प्रश्न आता थांबवू या



५ फेब्रुवारीला संत अगाथा हिचा सण झाला. सिसिलीतल्या कातानिया शहरातली ही तिसऱ्या शतकातली रक्तसाक्षी. छळात तिचे स्तन कापले गेले अशी परंपरा सांगते, म्हणून स्तनाच्या आजाराने पीडित स्त्रिया तिची मध्यस्थी मागतात. आता ११ तारखेला लूर्दमातेचा सण आणि जागतिक रुग्णदिनही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली तो ठरवून दिला.

या निमित्ताने आमची एक चूक सांगायची आहे. गेल्या वर्षी रुग्णदिनाच्या मिस्सेनंतर आम्ही स्वयंसेवकांनी कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या तिघींना वेदीसमोर बोलावले, फुले दिली, उपकारस्तुतीचे गीत गायले. चौथी मागच्या बाकावर बसून होती. तिला बोलावले नाही, कारण ती बरी झाली नव्हती. आम्ही तिला अक्का म्हणतो. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा प्रार्थना संपल्यावर ती सहज बोलल्यासारखे म्हणाली, "बरी झाले असते तरी फुलं मिळाली असती, मेले असते तरी मिळाली असती. मधेच अडकलेल्यांना काय नाही व्हय?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. अजूनही नीट सुचलेले नाही.

अक्काचा कॅन्सर हाडांत आणि यकृतात पोचला आहे. यालाच चौथी पायरी म्हणतात. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो, आणि औषधेही त्याचीच चालतात. तो समूळ जाईल असे डॉक्टर सहसा सांगत नाहीत, पण गोळ्या, इंजेक्शने, किमो यांनी त्याला आवरून धरता येते, आणि कित्येक जणी वर्षानुवर्षे जगतात. हे उपचार संपत नाहीत. एक औषध लागू पडेनासे झाले की दुसरे. दर काही महिन्यांनी स्कॅन, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. अशा बाईला दर रविवारी दारात गाठून "बरी झालीस का?" विचारायचे, म्हणजे दर रविवारी तिच्या तोंडून 'नाही' वदवून घ्यायचे.

त्याहून वाईट म्हणजे 'विश्वास कमी पडला असेल' हे बोलणे. आपल्यातलेच लोक बोलतात, आडून नव्हे तर तोंडावर. संत पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा राहिलाच. त्याचा विश्वास कमी होता असे म्हणायची आपली छाती आहे का?

दुसरी गोष्ट भीतीची. फादरांना अभिषेकासाठी बोलावू का, असे विचारले तेव्हा अक्काच्या नवऱ्याचा चेहरा पडला. "इतकं झालंय काय?" आपल्या डोक्यात अजून तो 'शेवटचा संस्कार' आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले, की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. आजार वाढला तर तो पुन्हाही घेता येतो. नेमका हाच गैरसमज पॅलिएटिव्ह केअरबद्दल आहे. वेदना, मळमळ, झोप, मनाची घालमेल यांवरचा हा इलाज किमोच्या जोडीने, पहिल्यापासून घेता येतो. शेवटच्या दिवसांसाठी शांती आवेदना सदनासारखी घरे आहेत, मुंबईतले १९८६ पासून, आणि गोव्यातही आहे; पण वेदनेवरचे औषध मागायला त्या दिवसांची वाट बघायची नसते. अक्का चार महिने पाठदुखी सोसत राहिली, 'प्रभूने क्रूसावर सोसलं' म्हणत. प्रभूला क्रूस उचलायला सिमोन लागला होता, हे आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना शिकवतो. तिला मात्र सांगायला विसरलो.

मग करायचे काय? अक्कालाच विचारले. तिची यादी अगदी साधी निघाली. किमोच्या दिवशी नवऱ्याला रजा मिळत नाही, कुणीतरी सोबत बसावे. त्यानंतरचे तीन दिवस डबा यावा, फोडणीचा वास नको. सर्दी-खोकला असलेल्यांनी घरी येऊ नये, कारण किमोत पांढऱ्या पेशी कमी होतात (जपमाळेला वीस जण एका खोलीत कोंबण्याची आपली हौस इथे आवरावी). सरकारी आरोग्य कार्डाचे कागद कुणी शिकलेल्याने बघून द्यावेत. उपवासकाळात उपास धरू का, असेही तिने विचारले. आजाऱ्यांना उपासाची सूट आहे, हे आम्ही लगेच सांगितले. ती हसली. "एवढं तरी सोपं हाय म्हणायचं."

आणि शेवटी म्हणाली, आल्यावर आजाराचंच बोलू नका, गावातलं कायतरी सांगा.

यंदा वेदीसमोर कुणालाही बोलावणार नाही. फादर बाकांमधून फिरून ज्यांना हवा त्यांना अभिषेक देतील. डब्यांच्या पाळीची वही मंदिराच्या दाराशी ठेवली आहे. मंगळवार आणि शुक्रवार अजून रिकामे आहेत.