नव्वद नंबरचं ऑइल

इंग्लंडमध्ये आमच्या स्विंडनला कुणी पाहुणे आले की आम्ही त्यांना मॅजिक राउंडअबाउट दाखवायला नेतो. १९७२ सालचा हा चौक म्हणजे पाच छोटी वर्तुळं आणि त्यांच्या पोटात एक सहावं, ज्याभोवती गाड्या उलट्या दिशेनं फिरतात. पाहुणे डोळे मिटून घेतात. गेल्या हिवाळ्यात मात्र पाहुण्यांच्या आधी माझी गाडीच कण्हायला लागली. वळण घट्ट आलं की मागच्या सीटखालून घरघर, मग थंडीनं दात वाजावेत तशी थरथर. सरळ रस्त्याला लागलं की चिडीचूप.

गाडी २००९ ची होंडा सीआर-व्ही, चारही चाकांना ताकद देणारी. जन्मानं स्विंडनचीच. साउथ मार्स्टनचा होंडाचा तो कारखाना जुलै २०२१ मध्ये बंद झाला, आणि माझ्या गल्लीतली दोन-तीन घरं त्या पगारावर उभी होती. घरघर सुरू होण्याच्या दोनच महिने आधी गाडी एका गॅरेजातून फुल सर्व्हिस करून आणली होती. बिलावर एक ओळ होती, ‘मागचं डिफ ऑइल बदललं’. कोणतं ऑइल, असं विचारल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘डिफ ऑइल.’ आणि घरघरीचं? ‘टायर बदलून बघा.’

माझे आप्पा सांगलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. फोनवर म्हणाले, ‘अगं, क्राऊनला नव्वद नंबर घालायचं, विषय संपला.’ क्राऊन म्हणजे हे डिफ्रन्शियलच, आणि नव्वद नंबर म्हणजे ते जाड, पिवळसर, गंधकाचा वास मारणारं गिअर ऑइल. ट्रकच्या, बसच्या क्राऊनला तेच लागतं आणि आप्पांनी जन्मभर तेच घातलं. माझ्या गाडीला नेमकं तेच भोवलं होतं.

कारण या गाडीच्या मागच्या डिफ्रन्शियलमध्ये नुसते दात नाहीत, दोन पंप आणि क्लच प्लेटा आहेत. एक पंप पुढच्या चाकांच्या वेगानं फिरतो, दुसरा मागच्या. पुढची चाकं चिखलात किंवा बर्फावर घसरून जास्त फिरली की दोन पंपांच्या दाबात फरक पडतो, तो दाब प्लेटांना आवळतो आणि मागची चाकं कामाला लागतात. घट्ट वळणावरही पुढची चाकं जरा जास्त फिरतात, तेव्हा प्लेटा एकमेकींवर अलगद सरकायला हव्यात. होंडाचं खास ड्युअल पंप फ्लुइड त्यासाठीच असतं. तेच तेल इथे दाब पोचवतं आणि प्लेटांना सरकूही देतं. त्याजागी नव्वद नंबर ओतलं की प्लेटा अडखळत पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. हीच ती थरथर. गंमत अशी की याच गाडीत पुढे, गिअरबॉक्सला चिकटलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये गिअर ऑइलच लागतं. म्हणजे आप्पा निम्मे बरोबर होते.

हे मला शेजारच्या काकांनी सांगितलं. ते मूळचे म्हापशाचे. इथे गोव्याची माणसं पुष्कळ आहेत. काका काही वर्षं होंडाच्या लायनीवर होते.

त्याच आठवड्यात गाडी एमओटी पास झाली होती, एकही शेरा न येता. भारतातल्या वाचकांना सांगते, ही पीयूसीसारखी नुसत्या धुराची तपासणी नव्हे. तीन वर्षांवरच्या गाडीचे ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग दरवर्षी तपासतात. पण इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची अवस्था त्यात येत नाही आणि तपासनीस काहीही खोलत नाही. २०१८ पासून खाली तेल गळून प्रदूषण होत असेल तर गाडी नापास होऊ शकते. आत चुकीचं तेल असेल तर कुणाला पत्ता नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यापेक्षा बिलावरची तेलाची ओळ मोठी. कुठे, कोणत्या नावाचं, किती लिटर घातलं हे बिलावर लिहिणं गॅरेजला सक्तीचं करावं. औषधाच्या दुकानदारानं ‘गोळी दिली’ एवढंच लिहिलेलं आपण चालवून घेऊ का? आणि ‘आयुष्यभराचं तेल’ हा प्रकार तर मला बिलकुल पटत नाही. कुणाचं आयुष्य? बहुधा पहिल्या मालकाचं. ज्या झेडएफ कंपनीचे गिअरबॉक्स बीएमडब्ल्यू आणि रेंज रोव्हरमध्ये बसतात, ती स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदला म्हणते. संभाजीनगरजवळ शेंद्र्यात जुळणी होणाऱ्या स्कोडा कोडियाकच्या चारचाकी ताकदीमागेही हॅल्डेक्स जातीचं कपलिंग आहे. त्याचं तेल वेगळं आणि त्याच्या पंपाची जाळी गाळानं तुंबते. गाडी घेताना आपली माणसं सनरूफ बघतात, हे कोण विचारतं?

(खरं तर स्विंडनच्या बर्फाला चारही चाकांची ताकद लागते का, हाही प्रश्न आहे. चांगले हिवाळी टायर थांबतानाही उपयोगी पडतात, ही ताकद फक्त निघताना. पण गाडी माझी, हौस माझी.)

शेवटी काका आणि मी, गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून, तिच्याखाली शिरलो. काकांनी खालच्या बोल्टला हात लावू दिला नाही. ‘आधी भरायचा वरचा बोल्ट उघड. तो गंजून निघालाच नाही आणि खालून तेल सोडलंस, तर गाडी इथेच.’ पान्याची गरजही पडली नाही, रॅचेटचं चौकोनी टोक थेट बोल्टात बसतं. नवीन वॉशर, जेमतेम लिटरभर तेल. मग सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं इंग्रजी आठच्या आकड्यात फेऱ्या, आणि घरी येऊन तेच तेल सोडून पुन्हा नवं. दुसऱ्या भरणीनंतर मॅजिक राउंडअबाउटला गाडी गप्प होती.

काढलेलं तेल दुधाच्या कॅनमध्ये भरून कौन्सिलच्या केंद्रावर नेण्याआधी आप्पांना व्हिडिओ कॉल केला. दोन बोटांत चोळून दाखवलं. काळं होतं, त्यात चंदेरी चमक.

‘रंगाचं राहू दे,’ आप्पा म्हणाले. ‘वास कसा येतोय?’

‘गंधकाचा. आणि जळकट.’

‘मग नव्वदच होतं ते,’ ते म्हणाले, आणि जरा थांबून, ‘त्या नव्या तेलाचं नाव काय म्हणालीस? सावकाश सांग, लिहून घेतो.’