समुद्रात रेंज का जाते? फेरीबोटीला उपग्रह कितपत हवा?

राज्य सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. चर्चा झाली ती धाराशिव, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतील शाळा आणि आरोग्य केंद्रांची. पण त्याच इरादापत्रात छत्रपती संभाजीनगरजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या बरोबरीने फेरीबोटी आणि बंदरांचाही उल्लेख आहे. त्यामुळे सुट्टीत अलिबागची बोट धरणाऱ्या मराठवाड्यातील पर्यटकाशीही हा विषय येऊन भिडतो.

रेंज नेमकी कुठे संपते?

मोबाइल टॉवरचे अँटेना वस्तीकडे वळवलेले असतात. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे 40 मीटर उंच टॉवरवरून क्षितिज जेमतेम 22-23 किलोमीटरवर संपते. टॉवर ताकदवान असून भागत नाही. फोनलाही उत्तर पाठवावे लागते आणि 4जी फोनची ताकद असते जास्तीत जास्त 0.2 वॅट. भाऊचा धक्का ते मांडवा या सुमारे 19 किलोमीटरच्या मार्गावर किनारा फार दूर जात नाही. खुल्या समुद्रातून गोव्याला निघालेल्या क्रूझचे तसे नाही.

तिथे उपग्रहच लागतो. जहाजावरचा अँटेना उपग्रहाशी जोडला जातो आणि प्रवाशांना वाय-फाय मिळते. भूस्थिर उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असल्याने उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. व्हिडिओ कॉल अडखळतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवर आहेत.

कायद्याची अडचण जुनी झाली. विमान आणि जहाजांतील इंटरनेटचे नियम डिसेंबर 2018 मध्येच आले. डेटा भारतातील भूकेंद्रातून जावा, अशी त्यात अट आहे. टाटा समूहाच्या नेल्कोने 2019 मध्ये सागरी सेवा सुरूही केली. आता अडते ते पैशांपाशी. उपकरणे महाग आणि एकाच जोडणीत शेकडो प्रवासी वाटेकरी. म्हणून क्रूझवर वाय-फायचे पॅकेज सहसा वेगळे घ्यावे लागते.

एक खबरदारी मात्र घ्यावी. काही जहाजांवर स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते. फोनने ते परस्पर पकडले, तर आंतरराष्ट्रीय रोमिंगचे बिल येऊ शकते. जहाजावर चढताच फ्लाइट मोड लावून फक्त वाय-फाय सुरू ठेवणे बरे.

मग फेरीबोटीला उपग्रह हवा का? तासाभराच्या प्रवासासाठी किनाऱ्यावरचे दोन-चार अँटेना समुद्राकडे वळवले तरी बरेच काम होईल. उपग्रहाचा पैसा आधी लांब जाणाऱ्या बोटींवर लागायला हवा. मच्छीमारांसाठी एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला सुरू झाली. त्यावर रील दिसत नाही. छोटा संदेश जातो आणि येतो. वादळात तेवढा पुरतो.

प्रवाशांसाठी तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक 1554 आहे. तो लागायलाही रेंज हवी. ती नसेल तर तांडेलाकडचा व्हीएचएफ संच, चॅनेल 16.