चाकणला मोजतात, मार्केट यार्डात का नाही?

चाकणच्या कारखान्यात सुटा भाग तासभर उशिरा आला तर फोन सुरू होतात. पुरवठा मोजायला १९९६ पासून 'स्कोर' नावाची जगमान्य चौकट आहे. माल वेळेवर, पूर्ण, न बिघडता आणि बरोबर कागदांसह पोचला तरच 'परफेक्ट ऑर्डर'. एक चुकलं की बाद.

आता गुलटेकडीला या. टोमॅटोची गाडी आत कधी आली, सौदा कधी झाला, किती माल सडला, पट्टीचे पैसे कधी मिळाले? रोज छापून येतो तो फक्त आवक आणि भाव! २०१६ ला आडत शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढली, बरं झालं. पण सडलेला माल अजून त्याच्याच नावावर.

बाजार समितीने हे चार आकडे रोज गेटवर लावावेत. सॉफ्टवेअर नको, फळा-खडू पुरे. लावणार नसाल तर का, ते तरी सांगा.