साहेबांनी एकदा बांधीत उभे राहून अर्ज भरावा

रोवणी आटोपली की लाखांदूर तालुक्यातल्या कास्तकाराला पूर्वी दोन काळज्या असत: पाऊस टिकेल का, आणि धानावर तुडतुडा तर येणार नाही. आता तिसरी जडली आहे. ई-पीक पाहणी झाली का?

पीक पाहून गाव नमुना १२ मध्ये त्याची नोंद घेणे हे पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचे काम. तो बांधावर येई किंवा चावडीत बसून मागच्या वर्षाचे पीक पुढे ओढी, हा भाग वेगळा. पण काम त्याचे होते आणि त्याचा पगारही त्याला मिळत होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे काम कास्तकाराकडे आले, पगार मात्र आला नाही. कास्तकाराने फोन घेऊन आपल्या गटात जायचे, पीक निवडायचे, फोटो काढायचा आणि रेंज येईपर्यंत उभे राहायचे. हे सगळे ठरलेल्या तारखेच्या आत.

नोंद राहिली तर सातबाऱ्यावर धान दिसत नाही. सातबाऱ्यावर धान नाही, तर आधारभूत खरेदी केंद्रावर नाव लागत नाही. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. नाव न लागलेल्या कास्तकाराला व्यापाऱ्याने समजा तीनशे रुपये कमी दिले, तर वीस क्विंटलमागे सहा हजारांचा फटका बसतो. पुंजणे डोळ्यांसमोर उभे असते, पण दप्तराच्या लेखी शेत पडीक! फोनमधल्या एका चुकलेल्या खुणेची ही किंमत आहे, आणि ती साहेबाच्या पगारातून कापली जात नाही.

आमचा यंत्राला विरोध नाही. डिजिटल सहीचा सातबारा आज १५ रुपयांत मिळतो, त्यासाठी कोणाच्या मागे हिंडावे लागत नाही. चांगल्याला चांगले म्हटलेच पाहिजे. प्रश्न असा आहे की एकाच सरकारची एक ऑनलाइन सोय कास्तकाराचे हेलपाटे वाचवते आणि दुसरी त्यालाच विनापगारी कारकून करते, हे कशामुळे?

उत्तर शोधायला दूर जायला नको. आपल्या राज्यातल्या दोन कर्जमाफ्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. शेतकऱ्यावर कर्ज का चढते, याबद्दलचे आमचे म्हणणे वाचकांना ठाऊक आहे. येथे फक्त कामाची पद्धत तपासू.

जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. कर्ज बँकेने दिलेले, हिशेब बँकेच्या वहीत. तरी अर्ज शेतकऱ्याने करायचा आणि तोही ऑनलाइनच. नवरा-बायको दोघांची माहिती, दोघांचे आधार. धानाचे काम टाकून लोक केंद्रांपुढे रांगा लावून बसले. मुदत वाढवावी लागली. बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागवली गेली आणि ती अर्जांशी जुळेना. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, मुंबईत प्रमाणपत्रे वाटली गेली; पण याद्यांतल्या चुकांमुळे पैसे जमा व्हायचे काम रखडले.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. या वेळी अर्जच ठेवला नाही. माहिती बँकांनी द्यायची. यादी गावात लागायची. कास्तकाराने केंद्रावर जाऊन रक्कम बरोबर आहे का ते पाहायचे आणि अंगठा द्यायचा. चूक असेल तर तक्रार नोंदवायची. आणखी एक शहाणपण केले. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लावली ती फक्त ६८ गावांची. जिल्ह्यातली दोन-दोन गावे घेऊन आधी काम करून पाहिले, मग बाकीच्या याद्या लावल्या. या योजनेतही पुष्कळ जण सुटले, नियमित फेडणाऱ्यांना पन्नास हजारांसाठी ताटकळावे लागले. तो हिशेब आम्ही विसरलेलो नाही. पण अर्जाच्या रांगेत सगळ्या महाराष्ट्राला उभे करण्याची पाळी आली नाही.

राज्य तेच, बँका त्याच, संगणकही तेच. बदलली होती कामाची मांडणी. जे सरकारजवळ आहे ते शेतकऱ्याकडे मागायचे नाही, आणि गावात करून पाहिल्याशिवाय राज्यावर लादायचे नाही, एवढ्या दोन गोष्टी कोणाला तरी सुचल्या. आमचा मुद्दा असा की हे कोणाला तरी सुचण्यावर सोडता येत नाही. ते नोकरशाहीला शिकवले पाहिजे.

आज काय शिकवले जाते? एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. सरकारी नोकरीत त्याचे प्रमाणपत्र लागते. त्यात टंकलेखन येते, तक्ता करता येतो. पुण्याला यशदा आहे, नागपूरला वनामती आहे. केंद्राने २०२० मध्ये मिशन कर्मयोगी मंजूर केले. आता साहेब लोक खुर्चीवर बसून संगणकावरच पाठ पुरे करतात. या सगळ्यांत यंत्र कसे चालवायचे ते कळते. अर्जात कोणता रकाना नकोच, हे ज्याला पुंजणे घालायची घाई आहे त्याच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

गावच्या तलाठ्यावर आमचा राग नाही. त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव वाढले, साझा तेवढाच राहिला. अ‍ॅप त्याने बनवले नाही, बनवताना त्याला विचारले नाही, आणि ते अडकले की शिव्या मात्र तोच खातो. शेवटी काय झाले? ज्यांची नोंद राहते त्यांच्यासाठी गावोगाव सहायक नेमावे लागले. फिरून भोपळे चौकात! माणूस लागणारच होता, हे पहिल्या वर्षीच चार गावांत बसून पाहिले असते तर कळले असते.

इंग्लंडच्या सरकारने २०१४ साली आपल्या ऑनलाइन कामांसाठी कसोट्या लावल्या. त्यांतली एक अशी होती की सेवा सुरू करण्यापूर्वी त्या खात्याच्या मंत्र्याने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वापरून पाहायची. तिथल्या मंत्र्याला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्या सचिवांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना का वाटावे?

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पुढील मागण्या ठेवत आहोत.

एक, खरीप नोंदणीच्या आधी प्रत्येक वर्षी महसूल, कृषी आणि खरेदी केंद्राच्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण चुलबंद काठच्या एखाद्या गावात, बांधीवर व्हावे. अ‍ॅप तयार करणाऱ्या वरच्या अधिकाऱ्यांनीही तेथे यावे. पहिला दिवस त्यांनी बोलायचे नाही. कास्तकार फोन कसा हाताळतो आणि कोठे अडतो एवढेच पाहायचे.

दोन, साहेबांनी शिपाई-कारकुनाची मदत न घेता, साध्या फोनवर, एक पीक नोंद आणि एक धान नोंदणी स्वतः पुरी करून दाखवावी.

तीन, शेतकरी ओळख क्रमांक एप्रिल २०२५ पासून योजनांसाठी बंधनकारक केला आहे. मग त्या क्रमांकावर जे दिसते त्याचा एकही कागद पुन्हा मागू नये. मागणाऱ्याने कारण लिहून द्यावे.

चार, नवी पद्धत आधी जिल्ह्यातल्या दोन गावांत एक हंगाम चालवावी.

पाच, फोन नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची, एकट्या बाईची नोंद राहिली तर जबाबदार कोण, त्याचे नाव चावडीवर लागावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. पीक नोंदही त्या कायद्याच्या धाकाखाली यावी.

शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, यात आपण खिरापत मागत नाही. आपण पिकवलेले धान आपल्या नावावर दिसावे, एवढेच मागतो आहोत. मेळाव्याला येताना आपापल्या गावात या खरिपात कोणाची नोंद राहिली, कोणत्या पायरीवर अडली, हे कागदावर लिहून आणा. साहेबांच्या प्रशिक्षणाचे पहिले पुस्तक तेच होईल.